डोळे मिटा आणि सिनेमा पाहा!

सिनेमा चालू असताना शेजारच्याच्या कानाशी लागून सतत काहीतरी सांगत बसणाऱ्या माणसाचा तुम्हाला राग येतो ना? मलाही येतो. पण लहानपणी मी स्वतः तेच करत असे, आणि तेही घरच्यांच्या हुकमावरून!

मिरजेला माझं आजोळ. तिथं थोरली मावशी राहायची. पाच वर्षांची असताना तिला देवी आल्या आणि त्यात दोन्ही डोळे गेले. पुढं ती वेताच्या खुर्च्या विणायला शिकली आणि त्या कामात गावात नाव कमावून बसली. सिनेमाचं मात्र तिला भारी वेड. सुट्टीत आम्ही भावंडं जमलो, की रात्री केबलवर जो सिनेमा लागेल तो सगळ्यांनी मिळून बघायचा. मावशी पलंगावर भिंतीला टेकून बसणार, तिच्या शेजारची जागा माझी आणि काम ठरलेलं. पडद्यावर जे दिसेल ते तिला सांगायचं. “आता हिरो जिना चढतोय. आता हिरॉइनीनं पत्र फाडलं. आता पाऊस आला.” यातलं निम्मं सांगायची गरजच नसायची, हे कळायला मला ‘शोले’ लागावा लागला.

ठाकूरच्या कुटुंबाची हत्या होते तो प्रसंग तुम्हाला आठवत असेलच. गोळ्या सुटतात, माणसं एकेक करून पडतात. मी घाईघाईनं सांगू लागले, तर मावशीनं माझ्या तोंडावर हात ठेवला. “गप. झोपाळा ऐकू दे.”

मी गप्प झाले आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला तो झोपाळा ऐकू आला. वारा सुटलाय, सगळं घर निपचित पडलंय आणि झोपाळा तेवढा कर्र कर्र करतोय. थोड्या वेळानं मावशी म्हणाली, “रिकामा आहे ना गं तो?”

“तुला कसं कळलं?”

“भरल्या झोपाळ्याचा आवाज वेगळा, रिकाम्याचा वेगळा.”

त्या एका वाक्यानं मला सिनेमा ऐकायची सवय लावली. आज हा किस्सा सांगायचं कारण असं, की आपण सगळे ‘सिनेमा बघायला’ जातो, घरी येऊन कॅमेरा, कपडे, परदेशातली ठिकाणं यांवर बोलतो. पण बघताना पोटात गोळा का आला, डोळ्यांत पाणी का आलं, याचं श्रेय बहुतेक वेळा कानांचं असतं. ते कुणी त्यांना देत नाही.

बुटांची करकर, पट्ट्याची खणखण

‘शोले’चंच पुढं बघू. १५ ऑगस्ट १९७५ला हा सिनेमा आला तो ७० एमएमच्या भव्य पडद्यावर आणि स्टिरिओफोनिक आवाजासह. त्याच्या संवादांची ध्वनिमुद्रिका निघाली आणि ती गाण्यांच्या रेकॉर्डसारखी खपली. गणपतीच्या मांडवात लाऊडस्पीकरवर गाण्यांऐवजी ‘शोले’चे संवाद लागायचे, हे आमच्या आधीच्या पिढीतलं कुणीही सांगेल. आता विचार करा, चित्र अजिबात नाही, तरी लोक मांडवात उभे राहून तासभर ऐकत होते!

गब्बर पहिल्यांदा येतो तेव्हा त्याचा चेहरा आपल्याला लगेच दिसत नाही. दिसतात ते बूट, आणि ऐकू येतो तो दगडावरून फरफटत जाणाऱ्या पट्ट्याचा आवाज. अमजद खान तेव्हा प्रेक्षकांना जवळजवळ अनोळखी होता. या माणसाची भीती वाटावी असं त्याच्या नावावर काहीच नव्हतं. ते काम त्या पट्ट्यानं केलं. पुढं तो हसतो, त्याच्यासोबत त्याची माणसं हसतात, ज्यांना तो मारणार आहे तेही हसू लागतात. हसण्याचा तो गडगडाट वाढत जातो, मग धाड धाड गोळ्या आणि एकदम चिडीचूप. आवाज वाढवत नेऊन अचानक तोडला, की कानाला ती शांतता थपडेसारखी लागते.

त्याच सिनेमात संध्याकाळी जय पायरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवतो आणि समोरच्या वाड्यात राधा एकेक दिवा मालवत जाते. दोघांमध्ये प्रेमाचा एक शब्द नाही. पण ती सुरावट पुन्हापुन्हा येते आणि या दोघांचं काय चाललंय ते आपल्याला कळतं. राहुल देव बर्मनच्या वाद्यवृंदातले भानु गुप्ता यांनी वाजवलेला तो माउथ ऑर्गन म्हणजे जय-राधाचा संवादच आहे.

आणि माझ्या मावशीचा सगळ्यात लाडका प्रसंग कुठला, तर इमामसाहेबांचा. त्यांच्या तरुण मुलाचं प्रेत घोड्यावरून गावात येतं. सगळा गाव गोळा झालाय, कुणाच्या तोंडून शब्द फुटत नाही. आंधळे इमामसाहेब काठी टेकत येतात आणि विचारतात, इथं एवढी सामसूम का? ए. के. हंगल यांचं ते वाक्य पुढं चेष्टेचा विषय झालं, लोक ते उठसूट वापरतात. मावशीला मात्र त्यात कधी हसू आलं नाही. “खरं आहे ते,” ती म्हणायची. “आम्हाला कुणी काही सांगायच्या आधी गप्प बसण्यावरूनच कळतं.” हे तिचं वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पार्श्वसंगीतच नको!

आपल्याकडे सिनेमा बोलू लागला १४ मार्च १९३१ला. त्या दिवशी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये अर्देशीर इराणींचा ‘आलम आरा’ लागला. त्याचं चित्रण झालं तो स्टुडिओ रेल्वेच्या रुळांना लागून होता. दिवसभर गाड्यांची धडधड, म्हणून रात्री गाड्या थांबल्या की काम चाले. त्या काळचा माइक भोवतालचा सगळा आवाज टिपायचा, म्हणून नटांच्या जवळपास कुठंतरी तो लपवून ठेवायचा. आवाज सापडला आणि मग जो तो त्याच्या मागंच लागला. गाण्यांवर गाणी, संगीतावर संगीत!

अशा दिवसांत, १९३७ साली, प्रभातच्या व्ही. शांतारामांनी ‘कुंकू’ काढला. कथा ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीची. फसवून एका म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानायलाच नकार देते. नीरा शांता आपटे आणि म्हातारे काकासाहेब केशवराव दाते. या सिनेमात शांतारामांनी पार्श्वसंगीत वापरलंच नाही. घरात जे वाजेल तेच ऐकवायचं. दार, भांडी, पावलं आणि भिंतीवरचं जुनं घड्याळ. त्या घड्याळाला तर ‘कुंकू’त एखाद्या पात्राइतकं महत्त्व आहे. नीरा लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते तेव्हा तिची साथसुद्धा घरातल्या ग्रामोफोनवर होते. संगीतकार केशवराव भोळे, म्हणजे गाण्यातला अधिकारी माणूस. संगीत जमत नव्हतं म्हणून गाळलं, असं कुणी म्हणूच शकणार नाही.

मग गाळलं का? मला वाटतं, उत्तर सोपं आहे. मागं व्हायोलिनं रडू लागली असती तर नीरा बिचारी वाटली असती. संगीत नाही म्हणून ती बिचारी वाटत नाही, ती खरी वाटते. घड्याळाची टिकटिक चालू आहे, घर गप्प आहे आणि एक मुलगी ‘नाही’ म्हणते आहे. प्रेक्षकाला कुणी रडायला किंवा टाळ्या वाजवायला सांगत नाही. त्याचं त्यानं ठरवायचं.

याच्या अगदी उलट वाट सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’त (१९५५) घेतली. हरिहर बऱ्याच दिवसांनी गावी परततो. घरच्यांसाठी काय काय आणलं ते हौसेनं दाखवतो, त्यात मुलीसाठी, दुर्गासाठी, साडी असते. दुर्गा तर गेलेली. आई इतका वेळ धरून राहिलेली असते, ती साडी हातात येताच कोसळते. ती रडते, पण तिचं रडणं आपल्याला ऐकू येत नाही! त्या जागी तारशहनाई वाजते. हे एक गजानं वाजवायचं तंतुवाद्य, दिलरुब्याच्या कुळातलं, त्याला कर्णा लावलेला. पंडित रविशंकरांनी पटदीप रागातली सुरावट दिली आणि दक्षिणामोहन टागोरांनी ती वरच्या पट्टीत वाजवली. बहुतेक संगीत एका रात्रीच्या बैठकीत ध्वनिमुद्रित झालं होतं.

आईचा खरा हंबरडा ऐकवला असता तर काय बिघडलं असतं? कदाचित आपण दचकलो असतो, नजर वळवली असती. परक्याचं रडणं फार वेळ ऐकवत नाही. पण ती तारशहनाई फक्त त्या बंगाली आईची राहत नाही. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्या प्रत्येकाची ती होते. एकानं संगीत काढून घेतलं, दुसऱ्यानं आवाज काढून घेतला. दोघांनाही नेमकं ठाऊक होतं, की कुठला आवाज नको आहे.

संगीतानं खोटं बोलू नये

आता थोडं भीतीबद्दल. आल्फ्रेड हिचकॉकचा ‘सायको’ (१९६०) पाहिला नसेल अशांनीही त्यातल्या न्हाणीघरातल्या खुनाबद्दल ऐकलेलं असतं. हिचकॉकची मूळ इच्छा अशी, की या प्रसंगाला संगीत नको, नुसता पाण्याचा आणि सुरीचा आवाज पुरे. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी तरीही संगीत तयार केलं. सगळा वाद्यवृंद फक्त तंतुवाद्यांचा. त्यातून त्यांनी किंचाळल्यासारखे सूर काढले. ते ऐकल्यावर हिचकॉकनं आपला हट्ट सोडला. सुरीचा आवाज म्हणाल तर तो खरबुजात सुरी खुपसून काढलेला! त्याच हिचकॉकनं तीन वर्षांनी ‘द बर्ड्‌स’ काढला, तेव्हा त्यात नेहमीचं पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. पक्ष्यांचे विजेच्या वाद्यावर काढलेले आवाज आणि शांतता एवढ्यावर माणसांना खुर्चीला खिळवून ठेवलं.

‘जॉज’ (१९७५) या सिनेमातला शार्क मासा यांत्रिक होता आणि तो समुद्रात सारखा बिघडायचा. मग स्टीव्हन स्पीलबर्गनं तो फारसा दाखवलाच नाही. जॉन विल्यम्सनी दिलेले दोन खर्जातले सूर वाजू लागले, हळूहळू जलद होऊ लागले, की समजायचं शार्क आला. पण खरी गंमत पुढंच आहे. एका प्रसंगात दोन पोरं पुठ्ठ्याचं पंख पाठीवर लावून लोकांना घाबरवतात. समुद्रकिनाऱ्यावर पळापळ होते. तेव्हा मात्र ते दोन सूर वाजत नाहीत. कारण शार्क खरा नाही! प्रेक्षकाला हे जाणवतं, फक्त ते शब्दांत सांगता येत नाही. संगीतानं त्याला वचन दिलेलं असतं, की मी वाजलो तर संकट खरं. ते वचन पाळलं म्हणून पुढं ते सूर वाजतात तेव्हा आपण पाय वर घेऊन बसतो.

आता आपल्या घरातल्या टीव्हीकडे या. सुनेनं आमटीत मीठ जास्त घातलं की आकाश फाटल्यासारखा कडकडाट. सासूनं मान वळवली की पुन्हा कडकडाट, आणि तोच चेहरा तीनदा. घरात खरोखरचा मृत्यू झाला तरी तोच कडकडाट. लांडगा आला रे आला, असं रोज ओरडणाऱ्या पोरासारखी या संगीताची गत झालीय. मावशी मालिका ऐकता ऐकता खुर्ची विणत असते. एकदा म्हणाली, “हे लोक ढोल कशाला बडवतात? काय झालं ते सांगत नाहीत, नुसतंच काहीतरी झालं म्हणून सांगतात.”

मालिका एक वेळ सोडून देऊ, ती करमणूक आहे. मला काळजी वाटते ती बातम्यांची. अपघात, पूर, एखाद्या गावातली भांडणं, या खऱ्या गोष्टी आहेत. त्यांच्या मागं कुणीतरी धडधडणारं संगीत लावतं तेव्हा बातमी सांगणारा आपल्याला फक्त माहिती देत नसतो. घाबरायचं किती, चिडायचं कुणावर, हेही तो परस्पर ठरवत असतो. सिनेमाच्या तिकिटाबरोबर आपण त्याला तशी परवानगी दिलेली असते. बातम्यांना कधी दिली होती?

घरी एक प्रयोग करून बघा. मुलांनाही बरोबर घ्या, त्यांना मजा येते. आज रात्री टीव्हीवर जे गंभीर वाटेल ते लावा आणि आवाज बंद करा. निम्म्या प्रसंगांत काहीच घडत नाहीये, हे दिसून येईल. मग उलट करा. आवाज चालू ठेवा आणि पडद्याकडे पाठ करून बसा. ज्या कार्यक्रमात पाठ करूनही तुम्हाला जागा, माणसं आणि वेळ कळते, तिथं कुणीतरी मन लावून काम केलंय असं समजा.

नारळाच्या करवंट्या आणि चालता चालता गाणं

हे मन लावून काम करणारे लोक आपल्याला कधीच दिसत नाहीत. वर्षानुवर्षं आपल्याकडे कॅमेऱ्यांची घरघर इतकी असायची, की चित्रणाच्या वेळचा आवाज वापरताच यायचा नाही. नट मंडळी नंतर स्टुडिओत येऊन ओठांना ओठ जुळवत संवाद पुन्हा म्हणत. त्यांचे संवाद यायचे, पण पावलं कुठून आणायची? बांगड्या, पदर, चहाचा कप, दाराची कडी? त्यासाठी वेगळी माणसं असतात. पडद्याकडे बघत ती तशीच चालतात, तशीच कपबशी ठेवतात. हॉलिवूडच्या जॅक फोली यांच्या नावावरून या कलेला फोली म्हणतात. नारळाच्या दोन करवंट्या आपटल्या की घोडा दौडतो, ही त्यातली सगळ्यात जुनी युक्ती.

‘लगान’ (२००१) मध्ये चित्रणाच्या वेळीच खरा आवाज टिपण्याचा हट्ट धरला गेला आणि त्याच्या ध्वनीसाठी नकुल कामटे आणि एच. श्रीधर यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००९ साली पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या रसूल पोकुट्टी यांनी ‘स्लमडॉग मिलियनेअर’साठी ऑस्कर आणलं, तेव्हा कुठं ‘साउंडवाला’ म्हणजे कोण हे घरोघरी कळलं.

पण यंत्रं नव्हती तेव्हाही डोकं होतंच. १९४९च्या ‘महल’चं गाणं घ्या. खेमचंद प्रकाश यांचं संगीत, पडद्यावर मधुबाला, आणि आवाज विशीच्या उंबरठ्यावरच्या लता मंगेशकरांचा. गाणारी बाई दुरून जवळ येते आहे असं वाटायला हवं होतं. लताबाईंनीच पुढं सांगितल्याप्रमाणे, माइक खोलीच्या मध्यभागी ठेवला आणि त्या कोपऱ्यातून गात गात, पावलं मोजत माइकपर्यंत चालत आल्या. सूर हलता कामा नये आणि पाऊल चुकता कामा नये! रेकॉर्डवर नाव छापलं गेलं ते ‘कामिनी’, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती खुदकन हसली. “मला ते पहिल्यापासून ठाऊक होतं. ती चालतेय हे ऐकूच येतं की!”

सांगणारा माणूस

आता राहिला तिसरा गडी, निवेदक. हे काम मी लहानपणी फुकट केलं, पण जपानमध्ये मूकपटांच्या काळात तो मानाचा धंदा होता. पडद्याशेजारी उभं राहून कथा सांगणाऱ्या, सगळ्या पात्रांचे आवाज काढणाऱ्या या कलाकारांना ‘बेन्शी’ म्हणत. बोलपट आले आणि त्यांची गरज संपली. विख्यात दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचा थोरला भाऊ बेन्शी होता. त्यानं १९३३मध्ये आत्महत्या केली. सिनेमाला आवाज मिळाला त्या घटनेची अशी एक काळी बाजूही आहे.

आपल्याला निवेदक म्हटलं की आठवतो ‘महाभारत’ मालिकेतला ‘समय’. १९८८ ते १९९० या काळात रविवारी सकाळी रस्ते ओस पाडणाऱ्या त्या मालिकेत हरीश भिमाणींचा आवाज दर भागात येई. राही मासूम रझांनी गोष्ट सांगायला कुणी ऋषी नेमला नाही, खुद्द काळालाच बोलतं केलं. त्यामुळं एवढ्या मोठ्या पसाऱ्यात प्रेक्षक हरवला नाही आणि मालिका एकदम उंचीवर गेली.

अमिताभ बच्चनचा चेहरा पडद्यावर गाजण्याआधी त्याचा आवाज आला होता. मृणाल सेन यांच्या ‘भुवन शोम’मध्ये (१९६९) तो निवेदक होता. ‘बावर्ची’त (१९७२) हृषीकेश मुखर्जींनी त्याच आवाजात आपल्याला एका भांडकुदळ कुटुंबाची मिस्कील ओळख करून दिली. ‘शतरंज के खिलाडी’ (१९७७) आणि ‘लगान’ यांत पुन्हा तोच आवाज इतिहास सांगतो. चांगला निवेदक काय करतो, तर पडद्यावर दिसतंय ते पुन्हा सांगत बसत नाही. जे दिसू शकत नाही, म्हणजे गेलेला काळ, कुटुंबाची खोड, लेखकाची नजर, तेवढं सांगतो आणि बाजूला होतो. म्हणजे मावशीनं माझ्या तोंडावर हात ठेवून शिकवलेलाच धडा!

लाइट गेली का गं?

२०१६च्या मे महिन्यात मी रजेवर मिरजेला गेले होते. ‘सैराट’ जोरात होता. मावशी म्हणाली, “चल, थेटरात जाऊ.” अजय-अतुलनं लॉस एंजेलिसला जाऊन पाश्चात्त्य वाद्यवृंदासह केलेलं ते संगीत मोठ्या आवाजात ऐकायची तिला हौस होती. नाचाचं गाणं लागलं तशी पोरं पडद्यापुढं जाऊन नाचली. मावशीनं खुर्चीच्या हातावर ठेका धरला होता. मी कमीत कमी बोलत होते, कारण आवाजातून तिला सगळं मिळत होतं.

शेवट तुम्हाला माहीत आहे. माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात, चहा होतो. शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं लहान मूल घरी परत येतं. आणि नागराज मंजुळे सगळा आवाज काढून घेतात. संगीत नाही, रस्त्याचा आवाज नाही, मुलाचं रडणंसुद्धा नाही.

मावशीनं माझं मनगट धरलं. हळूच विचारलं, “लाइट गेली का गं?”

मला बोलता येईना. इतकी वर्षं मी तिला सिनेमा सांगत आले होते आणि नेमकं आता तोंडातून शब्द फुटेना. ती दोन क्षण थांबली. थेटरात कुणी खुर्ची हलवत नव्हतं, कुणी खोकत नव्हतं. मग तिनंच विचारलं, “दोघंही मेली ना?”

बाहेर आल्यावर रिक्षात बसेपर्यंत ती काही बोलली नाही. नंतर म्हणाली, “लाइट गेली असती तर पोरांनी शिट्ट्या मारल्या असत्या. एवढी पोरं एकदम गप्प बसली, तेव्हा मला कळलं.” मला ‘शोले’चे इमामसाहेब आठवले. जवळजवळ तीन तासांचा संगीतानं भरलेला सिनेमा होता म्हणूनच ती शांतता एवढी मोठी झाली. पहिल्यापासून गप्प असता, तर कुणाला ती ऐकूही आली नसती.

पण घरी आल्यावर एक गोष्ट मनाला लागून राहिली. त्या मुलाच्या पावलांचे रक्ताचे ठसे फरशीवर उमटतात, ते मी तिला सांगितलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितले. तिनं विणणं थांबवलं आणि वेत मांडीवर ठेवून बराच वेळ बसून राहिली. कितीही कान तयार असला तरी काही गोष्टी कुणीतरी सांगाव्या लागतात, आणि सांगणारा वेळेवर हजर असावा लागतो.

मार्च २०२४मध्ये केंद्राच्या माहिती आणि नभोवाणी मंत्रालयानं यासाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. थिएटरमध्ये लागणाऱ्या सिनेमांत ऐकू न येणाऱ्यांसाठी मथळे आणि न दिसणाऱ्यांसाठी ध्वनिवर्णन असावं, असा त्यांचा आशय आहे. ध्वनिवर्णन म्हणजे दोन संवादांच्या मधल्या फटीत निवेदक थोडक्यात काय दिसतंय ते सांगतो आणि ते कानातल्या यंत्रात फक्त ज्याला हवं त्यालाच ऐकू येतं. कागदावरची ही सोय गावोगावच्या थिएटरात आणि मराठी सिनेमांत खरोखर पोहोचावी, यासाठी प्रेक्षकांनीच मागणी लावून धरायला हवी. तुमच्याही घरात डोळ्यांनी अधू झालेले आजी-आजोबा असतील. मोतीबिंदू, काचबिंदू यांनी नजर गेली, की माणूस टीव्हीसमोरून उठून आतल्या खोलीत जाऊन बसतो. त्यांना विचारा तरी, “आता काय झालं ते सांगू का?”

मावशी आता सत्तरीच्या पुढं आहे. मागच्या दिवाळीत मी तिला मोबाइलवर ध्वनिवर्णन असलेला एक सिनेमा लावून दिला. तिनं कानात यंत्र घालून शेवटपर्यंत ऐकला. मोठ्या उत्सुकतेनं मी विचारलं, “कसा वाटला तो सांगणारा?”

“बरा आहे,” ती म्हणाली. “पण फार बोलतो. त्याच्या तोंडावर हात ठेवणारं कुणीतरी पाहिजे.”